खुर्चीचे कान

सुलेखाचा टाका तुटत नाही, असं कंपनीत सगळे म्हणत.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत अगदी मागच्या गल्लीत ती कंपनी होती. पत्र्याची शेड, तीसेक बायका आणि तेवढीच शिवणयंत्रं. तिथं गाड्यांचे सीटबेल्ट शिवले जात. पट्टीचं टोक लोखंडी कडीतून ओवायचं, दुमडायचं, आणि दुमडीवर एक चौकोन आणि चौकोनात फुली असा टाका मारायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच चौकोन आणि तीच फुली. नव्या पोरी महिनाभरात कंटाळून जात. सुलेखा एकवीस वर्षं शिवत होती.

शेडच्या कोपऱ्यात बेल्ट ओढून बघायचं मशीन होतं. फकिरा ते चालवायचा. रोज प्रत्येकीच्या ढिगातून एक बेल्ट उचलायचा, दोन्ही टोकं मशिनच्या जबड्यात अडकवायचा आणि बटण दाबायचा. काटा चढत जायचा, पट्टी तारेसारखी ताठ व्हायची, आणि शेवटी फट्‌ असा आवाज व्हायचा. टाका तुटला की आवाज चिरका यायचा, पट्टीच तुटली की जाड. सुलेखाच्या बेल्टचा आवाज नेहमी जाडच यायचा.

"बाई, तुमचा टाका हाय की शाप?" फकिरा म्हणायचा. "पट्टी मरती पण सोडत नाय."

"आईची विद्या हाय," सुलेखा मान वर न करता म्हणायची.

ते खरं होतं. तिची आई आवडाबाई देवगाव रंगारीहून लासूर स्टेशनच्या मोंढ्यात जाऊन पोत्यांची तोंडं शिवायची. हातात वीतभर दाभण, खांद्यावर सुतळी. पोरीला सोबत न्यायची आणि प्रत्येक पोतं शिवून झालं की टाक्यात बोट घालून ओढायला लावायची. "वढून बघ. बघितल्याबिगर पुढं जायचं नाय. आतला दाणा टाक्याच्या भरवशावर ऱ्हातो." सुलेखा नवऱ्याबरोबर वाळूजजवळच्या रांजणगावला आली, शिलाईवर बसली, सासू झाली, आजी झाली, पण कुठलीही गोष्ट ओढून बघितल्याशिवाय तिचा विश्वास बसायचा नाही. दाराची कडी, दोरीवरची गाठ, सुनेनं बांधलेला डबा, सगळं ती एकदा ओढून बघायची.

घरात तिला 'बेल्टवाली' म्हणत. प्रणयनं, तिच्या मुलानं, जुनी गाडी घेतली तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांना बेल्ट लावायला लावले, मागच्यांनासुद्धा. रामकिसन, तिचा नवरा, सरकारी गोदामात पहारेकरी होता आणि आता निवृत्त झाला होता. तो कुरकुरला.

"मला काय पळवून नेणारे का कुनी, बांधून ठिवतीस ते?"

"तुमाला कोन नेतंय! पन दात उरलेत चार, ते तरी ऱ्हावूद्या जागेवर."

करुणा, तिची सून, खळखळून हसली होती. पैठणची मुलगी, बी.ए. झालेली, बोलायला मऊ. सासूशी तिचं जमायचं. दोघी मिळून विशाखाला वाढवत होत्या. विशाखाला सगळे विशूच म्हणत. साडेतीन वर्षांची विशू गाडीत बसली की खिडकीला नाक लावून रस्त्याच्या कडेच्या बकऱ्या मोजायची. एक, दोन, चार, सात. तीन तिला आवडत नसे.

खुर्ची आली ती डिसेंबरात. कंपनीतल्या एका साहेबांची पुण्याला बदली झाली. त्यांचा मुलगा मोठा झाला होता, त्याची गाडीत बसायची खुर्ची पडून होती. "सुलेखाताई, तुम्हाला नात आहे ना, घेऊन जा," साहेबांच्या बाई म्हणाल्या. राखाडी कापडाची, निळ्या काठाची खुर्ची. छातीवरून येणारे दोन पट्टे, मध्ये कुलूप. सुलेखानं घरी आणल्यावर आधी पट्टे उलटे करून टाके बघितले. मग दोन्ही मुठीत धरून ओढले. टाके परदेशी होते, बारीक आणि एकसारखे. ती मनातल्या मनात त्या अनोळखी बाईला शाबास म्हणाली.

करुणा तेव्हा पैठणला होती. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून तीन आठवडे गेली होती. विशू आजीजवळ होती. प्रणय कामावर. दारातच गाडी उभी होती. रामकिसननं मागच्या सीटवर खुर्ची बांधली आणि विशूला बसवलं. विशूनं दोन मिनिटं मान इकडं-तिकडं केली आणि भोकाड पसरलं.

"आजी, मला दिसत नाही!"

खुर्चीला डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन जाड पाखं होती, कानासारखी. विशूचं डोकं त्या दोन कानांमध्ये बसायचं. खिडकी दिसायची, पण खालचा रस्ता नाही, कड नाही, आणि बकऱ्या तर नाहीतच. सुलेखानं उशी घालून तिला उंच केलं, तर पट्टे खांद्यावरून घसरायला लागले. ते तिला चालणारं नव्हतं. पट्टा हलता कामा नये.

तिनं खुर्ची घरात आणली आणि कापड उसवलं. कानाच्या आत वर थोडा मऊ फोम, आणि त्याच्याखाली पांढरा थर्माकोल.

"आवो, हे बगा," ती हसायला लागली. "एवढी विलायती खुर्ची, आन्‌ आत टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल!"

"मग? टेकू म्हनून भरला आसंल," रामकिसन म्हणाला. "झोपल्यावर पोराचं डोकं टेकायला."

"हिला गाडीत कुठं झोप येती."

सुलेखानं विचार केला नाही असं नाही. तिनं तिला येत होता तेवढा विचार केला. तिनं कान धरून ओढून बघितला. तो हलला, थोडा वाकला. पट्टा ओढून बघितला. तो जागचा हलला नाही. एकवीस वर्षं तिनं बघितलं होतं की माणूस वाचतो तो पट्ट्यावर आणि पट्टा टिकतो तो टाक्यावर. कानाला ना पट्टा होता, ना टाका. ज्याला ओढ लागत नाही त्याचं कामच काय?

रामकिसननं खुर्ची गुडघ्यात दाबून धरली आणि तिनं लोखंड कापायच्या करवतीनं दोन्ही कान कापले. कडा घासून गुळगुळीत केल्या. कापड नव्यानं बेतून निळा काठ असा बसवला की बघणाऱ्यानं म्हणावं, खुर्ची अशीच जन्माला आली. थर्माकोल घंटागाडीत गेला. फोम आणि कापडाचे तुकडे तिनं रामकिसनच्या पाठीच्या उशीत भरले. कानाची प्लास्टिकची दोन टरफलं माळ्यावर गेली. आपल्या घरातून कुठली वस्तू एकदम कधीच जात नाही.

विशू परत बसली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि समोरच्या म्हाताऱ्या कुत्र्याला म्हणाली, "एक!"

संध्याकाळी प्रणयनं खुर्ची हलवून बघितली. "आई, एकदम कंपनी फिटिंग."

करुणा परतली तेव्हा तिनं तीच खुर्ची पाहिली. प्रणयला काय, तिला काय, कान कधी माहीतच नव्हते.

फेब्रुवारीत करुणाच्या भावाचा साखरपुडा होता, पैठणला. सकाळी नऊला निघायचं ठरलं. रामकिसनची पाठ धरली होती, तो घरीच राहिला. एरवी विशूची खुर्ची उजवीकडं, प्रणयच्या मागं असायची. त्या दिवशी करुणा म्हणाली, "आई, आज डावीकडं लावूया का? कडेच्या बकऱ्या दिसतील तिला. आणि उतरतानाही रस्त्याच्या कडेलाच उतरेल."

सुलेखानंच खुर्ची डावीकडं बांधली आणि ओढून बघितली. खुर्ची घट्ट होती.

वाटेवरचं बिडकीन मागं पडलं. विशूच्या बकऱ्या अकरावर गेल्या होत्या. सुलेखा तिच्या शेजारी बसून मुरमुऱ्याच्या पुड्याची गाठ सोडत होती. डाव्या हाताच्या शेतातल्या कच्च्या वाटेवरून मोसंबीचे क्रेट भरलेला पिकअप डांबरीवर चढत होता. त्यानं थांबायला हवं होतं. तो थांबला नाही, पण वेगातही नव्हता. लोक नंतर म्हणाले, सायकलवाला पडून उठला असता, एवढाच धक्का. त्याचं तोंड मागच्या डाव्या दारावर आलं.

सुलेखानं पाहिलं, आणि पुढं सगळे दिवस ती तेच पाहत राहिली. दार आत आलं. विशूचं धड हललं नाही. पट्टे बोटभरसुद्धा सरकले नाहीत. फक्त डोकं दाराकडं गेलं, खांद्यावर, खांद्याच्याही पलीकडं, आणि परत आलं. डोळ्याचं पातं लवावं एवढाच तो वेळ.

मोसंब्या रस्त्यावर घरंगळत होत्या. प्रणयच्या कोपराला खरचटलं होतं. करुणा मागं वळून "विशू, विशू" करत होती. आणि सुलेखाच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा:

"धरली! बेल्टनं धरली गं पोरीला!"

एका क्षणासाठी तिला अभिमान वाटला होता. ते तिनं पुढं कुणालाच सांगितलं नाही.

विशू रडत नव्हती. कपाळावर ओरखडा नव्हता. डोळे उघडे होते. "आजी," ती म्हणाली, "माझे हात कुठं गेले?"

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात फोटो काढले. हाडं सगळी शाबूत. करुणाचा भाऊ साखरपुड्याच्या कपड्यांत धावत आला होता. तो म्हणाला, "मग बरं झालं ना!" डॉक्टरांनी त्याला बसायला सांगितलं. तरुण डॉक्टर होते, डोळ्यांखाली काळं. ते सावकाश बोलले.

"लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं, मान कोवळी. मोठ्या माणसाचं हाड मोडतं. मुलांची मान मोडत नाही, ताणली जाते. आतला मज्जारज्जू मात्र तेवढा ताण सोसत नाही. बेल्टनं धड धरून ठेवलं, ते योग्यच झालं. पण बाजूनं धक्का आला की डोकं एकटं जातं."

करुणाला काही कळलं नाही. प्रणय भिंतीकडं बघत होता. सुलेखाला मात्र कळलं, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा जास्त. फकिराच्या मशिनवर तिनं असे बेल्ट पाहिले होते. बाहेरून पट्टी नवीकोरी, डाग नाही, चीर नाही, आणि आतला दोरा गेलेला.

"नुसतं मांडीवर बसवलं असतं तर?" करुणाचा भाऊ म्हणाला. "बांधूनच घात केला."

"बांधलं नसतं तर कदाचित ती इथपर्यंत आलीच नसती," डॉक्टर म्हणाले. त्यांचं बोलणं भावानं ऐकलं की नाही कोण जाणे. पण 'बांधून घात केला' हे वाक्य पैठणपर्यंत गेलं आणि तिथून रांजणगावात परत आलं. गल्लीतल्या बायका विचारपूस करायला यायच्या आणि दारातून बाहेर पडता पडता एकमेकींना सांगायच्या, पोरांना गाडीत बांधू नका बरं. सुलेखाला ते ऐकू यायचं. धावत जाऊन एकेकीचा हात धरावा, म्हणावं, बांधा गं, बांधा, पण... त्या 'पण'च्या पुढं तिला जाता येत नव्हतं.

दवाखान्यात एकदा तिनं डॉक्टरांना जिन्यात एकटं गाठलं.

"साहेब, एक इचारू? खुर्चीला डोक्याच्या बाजूला कान आसते... थर्माकोलचे... तर?"

डॉक्टर थांबले. "त्यासाठीच असतात ते, मावशी. डोकं बाजूला जाऊ नये म्हणून. आणि थर्माकोल चुरतो, तो मार खातो."

"मग वाचली आसती मान?"

"थोडं धरलं असतं. किती, ते कुणी सांगू शकत नाही. कान असलेल्या खुर्चीतली मुलंही आलीत माझ्याकडं." त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "का विचारता?"

"आसंच," सुलेखा म्हणाली.

महिन्यानं ती कामावर गेली. जेवणाच्या सुट्टीत मशिनपाशी उभी राहिली.

"फकिरा, हे मशीन आडवं वढत नाय का रे?"

"आडवं?" त्यानं तोंडातला घास थांबवला. "नाय बा. ह्याला येकच माहीत हाय, फुडं वढायचं. आडवं वढून बघायची मोठी मशिनं आसतेत कुठंतरी. आपल्याकडं कधी आलीच नाय."

एकवीस वर्षं ती ज्या काट्याकडं बघून निवांत झोपत होती, त्या काट्याला एकच दिशा माहीत होती. ती परत जागेवर जाऊन बसली. चौकोन, फुली. पुढल्या आठवड्यात तिच्या बेल्टचा आवाज पहिल्यांदा चिरका आला. फकिरानं तो बेल्ट मुकाट्यानं खिशात घातला आणि दुसरा लावला.

विशू घरी आली चार महिन्यांनी. श्वास तिचा तिला घेता येत होता, बोलता येत होतं, खांदे किंचित उडवता येत होते. त्याच्याखाली काही नाही. सुलेखा आता घरीच असायची. ती तिला भरवायची, पुसायची, दर दोन तासांनी कूस बदलायची. विशू अजून विशूच होती. "आजी, माझं नाक खाजतंय. तिथं नाही. वर. तिथं!" कधी म्हणायची, "माझे पाय झोपलेत, त्यांना उठव ना." सुलेखा पाय चोळायची. पाय गरम असायचे. तेच तिला सोसायचं नाही.

आणि करुणा.

करुणानं एकच वाक्य धरलं होतं. कुणीही आलं की पाणी द्यायच्या आधी म्हणायची, "मीच तिला डावीकडं बसवलं." शेजारीण असो, विहारातल्या ताई असोत की गॅसवाला. "रोज उजवीकडं बसायची. मीच डावीकडं बसवलं." ती केस विंचरत नव्हती. ताट पुढं घेऊन बसायची आणि तसंच उचलायची. विशूजवळ जायची, पण डाव्या अंगाला बसत नसे. एकदा सुलेखा भांडी घासत होती, तेव्हा करुणा मागून येऊन उभी राहिली.

"आई, तुम्ही नको म्हणाला असता तर मी ऐकलं असतं. तुम्ही काहीच म्हणाला नाही. म्हणजे चूक माझीच ना?"

सुलेखा वळली. सांगायचं तर ते तेव्हाच. तोंड उघडलं, पण शब्द आला तो "जेव गं थोडं."

रात्र-दिवस तिच्या डोक्यात हेच घोळायचं. सांगितलं तर करुणा आपल्या अंगावरचं ओझं उतरवून श्वास घेईल. पण मग ती विशूला उचलून पैठणला जाईल, आणि सुलेखाच्या हाताला त्या गरम पायांचा स्पर्शही उरणार नाही. न सांगावं तर सून डोळ्यांदेखत विझत होती.

रामकिसनला तिनं एकदा म्हटलं.

"कशापायी सांगतीस?" तो उशीला पाठ टेकून बसला होता. "सांगून मान सरळ व्हनार हाय का? घर मोडंल नुसतं. मी धरली व्हती खुर्ची, मी काय बोलतोय का?"

"तुमाला झोप येती का?"

त्यानं उशी पाठीमागं सरकवून घेतली, तीच उशी.

रविवारी विहारात पंचशील म्हणताना ती सगळ्यांबरोबर म्हणायची, आणि चौथ्या शीलाशी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन म्हणायचं तिथं, तिचा आवाज बंद व्हायचा. मग पाचव्याला परत सुरू व्हायचा. शेजारच्या बाईला वाटायचं, घसा बसलाय. तिनं एकदा खडीसाखर दिली.

ऑगस्टमध्ये चाकांची खुर्ची आली. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी विशूला तिच्यात बसवून पाहिलं. छातीला पट्टा बांधला, तशी विशूची मान डावीकडं लवंडली. सरळ केली, परत लवंडली.

"डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार लागेल," बाई म्हणाल्या. "विकत मिळतात, पण हिच्या मापाचे शिवून घेतलेले बरे. असे, पाखासारखे. कुणी शिवणारं आहे का?"

"आहेत ना," करुणा म्हणाली. खूप दिवसांनी तिच्या आवाजात काहीतरी हललं. "आमच्या आई शिवतील. त्यांचा टाका तुटत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलेखानं घरातलं शिलाई मशीन पुसलं. बाजारात फोम मिळत होता. कापड घरात होतं. ती नवीन आणू शकली असती आणि कुणाला कधीच काही कळलं नसतं. ती मशिनसमोर बसली. मग उठली, रामकिसनच्या पाठीमागची उशी काढून घेतली, स्टूल ठेवून माळ्यावरनं प्लास्टिकची टरफलं काढली, आणि करुणापुढं जमिनीवर बसून उशी उसवायला लागली.

"आता हे काय काढलंस?" रामकिसन म्हणाला. मग त्याला दिसलं, आणि तो उठून बाहेर ओट्यावर गेला.

फोम निघाला. राखाडी कापडाचे तुकडे निघाले, निळ्या काठाचे. करुणा डाळ निवडत होती. तिनं एक तुकडा उचलला.

"हे विशूच्या खुर्चीचं कापड."

"व्हय."

"इथं कसं?"

सुलेखानं दोन्ही टरफलांवर फोम ठेवला, कापड ओढलं आणि ते दोन कान करुणाच्या पुढं फरशीवर मांडले.

"हे व्हते त्या खुर्चीला. डोक्याच्या बाजूला. तू पैठणला व्हतीस. विशू रडली, दिसत नाय म्हनून. म्या कापले." ती थांबली. "डावीकडं बसवल्यानं नाय झालं. डोकं धरायला हे व्हते, ते म्या काढले. डाक्टरला इचारलं म्या. ह्याच्यासाठीच आसतेत म्हनाला. तुजी चूक नाय, करुणा. माजी हाय."

बाहेर कुणीतरी जुनी भांडी मागत ओरडत गेलं. करुणानं एक कान उचलला, हातात फिरवला, बोटानं फोम दाबला. तो दबला आणि परत वर आला. तिनं पुन्हा दाबला.

"हे कान असते तर वाचली असती?"

"ते सांगता येत नाय म्हनाला."

"सांगता येत नाही," करुणा म्हणाली. रडली नाही. सुलेखा वाट बघत होती. शिवी, थप्पड, पिशवी भरायचा आवाज, काहीही. काट्यानं चढत जावं आणि एकदाचं फट्‌ व्हावं.

"मला सहा महिने तुम्ही..." करुणा म्हणाली, आणि ते वाक्य तसंच राहिलं. मग तिनं कान खाली ठेवला. सुपातली डाळ पुन्हा पुढं ओढली. "शिवा. चारला बाई येणार आहेत."

सुलेखानं शिवलं. चौकोन आणि चौकोनात फुली. चारला बाई आल्या, कान खुर्चीला बसवले, विशूला ठेवलं. मान सरळ राहिली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा विशूनं समोर, माणसासारखं समोर पाहिलं. "किती छान शिवलंय हो," बाई म्हणाल्या.

करुणा पैठणला गेली नाही. तिच्या जाण्याची सुलेखाला भीती होती, पण जे झालं त्याची तिनं कल्पनाच केली नव्हती. करुणानं तिला पुन्हा आई म्हटलं नाही. काही टाकून बोलली नाही, हातातलं काम हिसकावलं नाही. "जेवून घ्या." "तिची कूस बदला." एवढंच. आणि जे ओझं उतरवायला सुलेखानं एवढं केलं, तेही उतरलं नाही. आठवड्यानं करुणाची मावशी आली. सुलेखा ओट्यावर विशूच्या खुर्चीजवळ बसली होती. आतून करुणाचा आवाज आला, तोच, तितकाच सपाट:

"मीच तिला डावीकडं बसवलं, मावशी."

सुलेखा ऐकत राहिली. कानांचं नाव आलं नाही. सून सासूला वाचवत होती, की स्वतःचा दोष कुणाला द्यायलाच तयार नव्हती, ते तिला कळलं नाही. तिला एवढंच कळलं की दोष काही पोत्यातल्या दाण्यासारखा नाही, इकडून काढून तिकडं ओतावा असा. तिनं आपला वेगळा भरला होता, करुणाचा तसाच शिगोशीग होता.

गल्लीच्या तोंडाशी घुंगरं वाजली. मळ्यातून परतणारा बकऱ्यांचा कळप ओट्यासमोरून निघाला. खुरांचा बारीक आवाज डावीकडून येत होता.

"आजी, बकऱ्या!"

"व्हय बाळा."

विशूचे डोळे डावीकडं गेले, जितके जातील तितके. तिथं राखाडी कापड होतं. मग उजवीकडं गेले. तिथंही.

"आजी, मला दिसत नाही."

सुलेखाचा हात आपोआप कानाकडं गेला आणि तिथंच थांबला. मग ती घाईनं उठली, खुर्चीच्या चाकांची अडकण काढली, आणि सगळी खुर्चीच वळवायला लागली. ओटा अरुंद होता. एक चाक उंबऱ्याला अडलं. तिनं मागं घेतलं, पुन्हा वळवलं. खुर्ची गल्लीकडं झाली तोवर शेवटची बकरी कोपऱ्यावरनं वळली होती. मागं लेंड्या पडल्या होत्या आणि थोडी धूळ उडत होती.

विशू धुळीकडं बघत राहिली.

"किती होत्या, आजी?"

सुलेखानं पाहिल्या होत्या, पण मोजल्या नव्हत्या. दहा म्हणाली असती तरी चाललं असतं. बारा म्हणाली असती तरी विशूला आनंदच झाला असता.

"माहीत नाय, बाळा," ती म्हणाली. "म्या मोजल्या नाय."